पूर्ण नाव सांगा

मी काम सोडते आहे असं सांगितल्यावर डॉक्टर हसले, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्यांच्या दवाखान्यात मी बारावी झाल्यापासून होते. सकाळी कुलूप मी उघडायची, नंबर मी लावायची, बीपी मी बघायची, सुया मी टोचायची, मलमपट्टी मी करायची, आणि डॉक्टर जेवायला गेले की "येतीलच हं" असं पेशंटना तासभर मीच ऐकवायची. असं माणूस निघालं म्हटल्यावर कुणी चिडतं, कुणी पगार वाढवतो म्हणतं. हे हसले. वर म्हणाले, "जा, जा. शिकून घे. तुझं स्टूल मी दिवाळीपर्यंत रिकामं ठेवतो."

दिवाळीपर्यंतच का? होळीपर्यंत का नाही? आणि मी परत येणारच आहे हे यांना कुणी सांगितलं? मी त्यांनी दिलेला पेढा घेतला, पाया पडले आणि घरी येईपर्यंत ते वाक्य उलटसुलट करून पाहत राहिले. काहीतरी पाणी मुरत होतं.

तुम्ही म्हणाल, बाई संशयी दिसते. आहेच. भाजीवाल्याने आपणहून कोथिंबीर जास्त घातली तरी मी ती जुडी उलटी करून बघते. दवाखान्यात हा स्वभाव उपयोगी पडायचा. औषध उधार नेऊन "मागच्या वेळीच दिले ना पैसे" म्हणणारे मी डोळ्यांवरून ओळखायची. शाळा बुडवायला पोट धरून येणारी पोरं तर दारातच. पण घरात आणि बाहेर या स्वभावाने मला सुख दिलं असं काही म्हणता येणार नाही.

मी काम का सोडलं, तेही सांगते. पिंप्राळ्यात मला सगळे सिस्टर म्हणायचे. मेहरूणहून, पार पहूरहूनसुद्धा माणसं यायची आणि म्हणायची, सिस्टरचा हात हलका आहे, तिच्याकडूनच टोचून घेऊ. डॉक्टरांनी सुई लिहिली नाही तर माणसं रुसायची. सुईशिवाय दवाखान्यात जाऊन आल्यासारखं वाटायचं नाही त्यांना. मग एकदा एक बाई आपल्या सासूला घेऊन आली. स्वतः कुठल्याशा मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. माझ्याकडे बघत तिने सहज विचारलं, "कुठून केलं हो तुम्ही नर्सिंग?" मी म्हटलं, "इथूनच." ती म्हणाली, "अच्छा."

एवढंच. पण तो अच्छा माझ्या घशात काट्यासारखा अडकला. रात्री भाकरी थापताना अच्छा, सकाळी कुलूप उघडताना अच्छा. लोक सिस्टर म्हणत होते, आणि मी सिस्टर नव्हते. डॉक्टरांनी कोपराने ढकलून शिकवलेलं तेवढं मला येत होतं. का टोचायचं हे कुणी विचारलं असतं तर माझी बोबडी वळली असती. मी एएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सला अर्ज केला आणि नंबर लागला तो धुळ्याला.

आईला सांगितलं तर तिने पोळपाट बाजूला सारला. आम्ही दोघीच घरात. वडील रिक्षा चालवायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आई पहूरकडची, अजून तिकडचंच बोलते. "तुले बठ्ठे सिस्टर म्हनता," ती म्हणाली. "मंग आजून काय शिकाचं राह्यलं?"

"सिस्टर म्हणतात, पण मी सिस्टर नाही."

"मंग त्याहिचं काय अडलं? त्याहिले चालते तं तुले काऊन नाही चालत?"

मी भांडले. दोन दिवस अबोला. शेवटी तीच म्हणाली, "जाय. दिवाळीपर्यंत पाहू. नाही जमलं तं निमूट परत ये." मी हो म्हटलं. भांडण मिटवायच्या घाईत इतका मोठा शब्द देऊन बसले, हे बस पारोळ्याच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं.

धुळ्याला गेल्यावर तर संशयाला रानच मोकळं मिळालं. वर्गात सगळ्यांत मोठी मीच. बाकीच्या पोरी अठरा-एकोणीसच्या, आपसात भराभरा अहिराणी बोलणाऱ्या. मी खोलीत शिरले की बोलणं थांबायचं. मला वाटायचं, माझ्याबद्दलच चाललंय. वरच्या बॅचच्या एका मुलीने पहिल्याच आठवड्यात कानात सांगितलं होतं की दवाखान्यात काम केलेल्या मुली इथे आवडत नाहीत. त्यांचे हात बिघडलेले असतात म्हणे. म्हणून मी तोंड शिवून घेतलं. कुणी विचारलं तर घरीच होते, आईला मदत करत होते, असं सांगायचं ठरवलं.

आमच्या ट्यूटर मॅडम किडकिडीत बांध्याच्या, चष्मा नाकावर घसरलेला, आवाज कधीच चढत नसे. त्या समोर उभ्या राहायच्या नाहीत. मागे उभ्या राहायच्या. आपण काम करत असावं आणि मानेमागे कुणीतरी श्वास घेतंय असं वाटावं, म्हणजे समजायचं की मॅडम आल्या. आणि त्यांचा एकच शब्द होता. "परत." हात नीट धुतले नाहीत, परत. चादरीला चुणी राहिली, परत. पहिल्या महिन्यात मी तो शब्द इतक्यांदा ऐकला की स्वप्नातसुद्धा परत परत चादर ओढत होते.

सुई टोचायची शिकवणी सुरू झाली तेव्हा समोर प्लास्टिकची बाई ठेवली होती. पोरींचे हात थरथरत होते. माझी पाळी आली आणि मला राहवलं नाही. काय ती प्लास्टिकची बाई, मी अर्धं पिंप्राळं टोचलेलं! झटक्यात औषध भरलं, हवा काढली, टोचलं, मोकळी. पोरी बघत राहिल्या. मानेमागून आवाज आला, "जळगावला कुठल्या दवाखान्यात होतीस?"

माझी पाचावर धारण बसली. मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही मॅडम, घरीच." त्या "बरं" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. तो बरं आणि तो आधीचा अच्छा, दोन्ही एकाच जातीचे.

त्या दिवशी माझं सगळं गणित जुळलं. डॉक्टरांनी फोन केला होता. आणखी कोण करणार? त्यांना माणूस परत हवं होतं. पोरीला नापास करा, म्हणजे ती दिवाळीपर्यंत येते माघारी. म्हणून ते हसले, म्हणून स्टूल रिकामं. आणि मॅडमनी हे पुढे सांगितलं: "दिवाळीच्या सुट्टीआधी एकेकीला माझ्यासमोर वॉर्डात सुई द्यावी लागेल. मला पटलं तर पुढे. नाही पटलं तर हे वर्ष पुढच्या बॅचबरोबर." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, असं मला वाटलं. एक वर्ष वाया गेलं असतं तर आईने मला धुळ्यात एक दिवस ठेवलं नसतं. माझा शब्दच होता तसा. मग मी होते आणि ते स्टूल, मरेपर्यंत.

त्यात मॅडमचा एक हट्ट मला मुद्दाम छळायला काढलेला वाटायचा. सुई देण्याआधी पेशंटला नाव विचारायचं. आपण वाचून दाखवायचं नाही. त्याच्या तोंडून वदवायचं, तेही पूर्ण. आम्ही त्या प्लास्टिकच्या बाईलाही विचारायचो, "तुमचं पूर्ण नाव सांगा," आणि शेजारची पोरगी बारीक आवाजात तिच्या वतीने सांगायची. मी एकदा घाईत विचारलं, "तुम्ही अमुकच ना?" लगेच मागून, "परत." दवाखान्यात मी सगळ्यांना असंच विचारायची. कापूस फिरवता फिरवता, हे तुमचंच ना, आणि समोरचा हो म्हणायचा. डॉक्टरला हो, सिस्टरला हो. पेशंट काय कोर्टात उलटतपासणीला येतो का? मनातल्या मनात मी मॅडमला भरपूर बोलून घेतलं.

माझी पाळी एका सकाळी आली. बायकांचा वॉर्ड. नाश्त्याच्या आधी इन्सुलिन द्यायचं होतं, भिंतीकडच्या खाटेवरच्या आजीला. रात्रपाळीच्या सिस्टरने पहाटे तिची साखर तपासून खाटेला लटकवलेल्या केसपेपरवर लिहून ठेवली होती. मी हात धुतले, औषध पारखलं, मात्रा बघितली, भरलं. मागे श्वास होताच.

आजी सुकलेल्या अंगाची, मोठं कुंकू, डोक्यावरून पदर. मला बघताच उठून बसली.

"आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

तिने आपलं नाव सांगितलं आणि आडनाव सांगितलं. दोन्ही जुळलं.

"मधलं नाव? आजोबांचं?"

तिने पदर तोंडाला लावला आणि हसली. लाजली म्हटलं तरी चालेल. "त्यासनं नाव मी कसं लेऊ व माय?"

आता हे काही मला नवं नव्हतं. माझी आईही घेत नाही. लहानपणी रेशन दुकानापासून शाळेपर्यंत, नवऱ्याचं नाव असं कुणी विचारलं की आई मला कोपर मारायची, "सांग व बाई, तुह्या बापाचं नाव." मी खणखणीत सांगायची. मला वाटायचं, मला घेऊन जाण्याचं कारणच ते आहे. वडील गेल्यावरही तिने ते घेतलं नाही. सरकारी दवाखान्यात त्यांचं नाव विचारलं तेव्हा त्यांच्या खाटेपाशी उभी राहूनही ती माझ्याकडेच बघत होती.

पण इथे आजीच्या बाजूला सांगणारं कुणी नव्हतं. मॅडम मागे, औषध हातात, नाश्त्याची गाडी दारात. मी केसपेपरवरचं पूर्ण नाव, मधल्या नावासकट, वाचून दाखवलं. "हेच ना?"

"हा माय," आजी म्हणाली. "तेच शे."

मागून "परत" आलं नाही. मला तेच खटकलं. या बाईंनी एवढी संधी सोडली कशी? म्हणजे काहीतरी डाव आहे. मी झाकण काढलं, आणि त्याच वेळी आजीने चोळीची बाही वर सरकवून दंड पुढे केला.

मी थांबले. रोज इन्सुलिन घेणाऱ्या बायका पदर बाजूला करतात. पोट पुढे करतात. या वॉर्डात हे इंजेक्शन पोटावर देतात, आणि ही बाई चार दिवस इथे घेते आहे असं कागद सांगत होता. मग दंड का?

"आजी, रोज कुठे टोचतात तुम्हाला?"

"माले रोज कोन टोचस? तू जठे टोचशी तठे."

मी सुई ट्रेमध्ये ठेवली. "साखरेचा आजार आहे ना तुम्हाला?"

"माले नही व माय. तिले शे." तिने शेजारच्या खाटेकडे बोट केलं. "ती मनी जाऊ."

शेजारच्या खाटेवर तशीच सुकलेली, तसंच कुंकू लावलेली, जरा तरुण अशी दुसरी आजी पदर डोळ्यांपर्यंत ओढून बसली होती. दोघी चुलत जावा. एकाच गावच्या, आडनाव एकच, आणि नावही एकच. एक साखरेने आली होती, दुसरी तापाने. दोघींत फरक फक्त मधल्या नावाचा, आणि तेवढंच नाव दोघी घेत नव्हत्या.

"मग या खाटेवर तुम्ही कशा?"

"माले पंखाना वारा सोसत नही. मी मोठी शे ना? म्हनीसन तिनी माले भिंतनी खाट दिनी." सकाळच्या चहाच्या वेळी दोघींनी खाटा बदलल्या होत्या. मोठ्या जावेचा मान. केसपेपर जिथल्या तिथे लटकत होते.

"आणि मी नाव वाचलं, तेव्हा हो कशाला म्हणालात?" माझा आवाज चढला होता.

आजीला माझा राग कळेना. "तू त्यानं नाव लिधं. तो मना देर शे. मी हा म्हटनं."

दिराचं नाव तिला चालत होतं, ओळखीचं वाटलं म्हणून तिने हो म्हटलं होतं. धाकटीला नवऱ्याचंही चालत नव्हतं आणि जेठाचं, म्हणजे थोरल्या दिराचंही. तिने सगळं ऐकलं होतं, तिला बहुधा कळलंही होतं, पण मोठ्या जावेच्या पुढ्यात ती तोंड कसं उघडणार? मी जवळ जाऊन तिचा केसपेपर म्हणून लटकवलेला कागद मोठ्याने वाचला, तेव्हा जेठाचं नाव ऐकून तिने मान खाली घातली आणि बोटाने मोठ्या जावेकडे दाखवलं.

मी वळले. माझ्या डोक्यात एकच होतं. मॅडमना हे माहीत होतं. त्यांनी मुद्दाम सापळा लावला होता आणि गप्प उभ्या होत्या. वॉर्डाबाहेर आल्यावर मी सरळ विचारलं. "तुम्हाला माहीत होतं ना मॅडम?"

मॅडमनी चष्मा काढला. त्यांच्या कपाळावर घाम होता. "मला कसं माहीत असणार? मी तुझ्याबरोबरच तर आत आले."

"मग मी नाव वाचून दाखवलं तेव्हा परत का नाही म्हणालात?"

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाल्या, "म्हणायला हवं होतं. मी तुझे हात बघत होते. तू झाकण दातात धरतेस का, ते बघत होते."

"दातात?"

"पहिल्या दिवशी प्लास्टिकच्या बाईसमोर सुईचं झाकण तू दातात धरलं होतंस. दवाखान्यातून आलेल्या मुली तसंच करतात, एक हात मोकळा राहावा म्हणून. त्याच्यावरून तर ओळखलं मी तुला."

म्हणजे फोन वगैरे काही नाही. माझे दातच फितूर. त्याहून वाईट गोष्ट मला कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या समजली. इतके महिने मला वाटत होतं, माझ्यावर कुणाची तरी नजर आहे. होतीच, पण ती माझ्या दातांवर होती. त्या खाटेवरच्या बाईवर कुणाचीच नव्हती. आजीच्या अंगात ते औषध गेलं असतं तर ती हसत हसत हो म्हणून घाम फुटून आडवी झाली असती, आणि आम्ही दोघी तिच्याशेजारीच उभ्या असतो. मी खूप घाबरले. सुई टोचण्याची भीती मला आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा वाटली.

मॅडमनी स्वतः जाऊन इनचार्ज सिस्टरना सगळं सांगितलं, आपलं चुकलं तेही सांगितलं. खाटा बदलल्या की कागद बदलायचे, असं त्या दिवसापासून वॉर्डात सुरू झालं. धाकट्या आजीला मीच पोटावर इन्सुलिन दिलं. आधी नाव विचारलं. आपलं नाव आणि आडनाव तिने सांगितलं, मधलं नाव मोठीने तिच्या वतीने सांगितलं, खणखणीत. पुढे काय, हे मॅडमनी मला संध्याकाळी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू पुढे." आणि जाता जाता म्हणाल्या, "झाकण मात्र दातात नाही."

दिवाळीला घरी आले ती विजयी मुद्रेने. आईने भरीत केलं होतं, कळण्याची भाकरी केली होती. मी पास झाल्याचं सांगितलं तर ती "बरं झालं" म्हणाली आणि भाकरीकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मले बीपी दाखवाचं शे. चाल जराक दवाखान्यात." पाल पुन्हा चुकचुकली. बीपी मी घरीच बघू शकत होते. पण गेले.

दवाखान्यात गर्दी होती. मला पाहताच बाकावरच्या बायका म्हणाल्या, "सिस्टर आली! सिस्टर आली!" आणि पडद्याशेजारी माझं ते लोखंडी स्टूल, खरोखर रिकामं. त्यावर धूळसुद्धा नव्हती. मला भरून आलं, हे मी नाकारत नाही. इतक्या माणसांनी इतक्या प्रेमाने हाक मारल्यावर कुणाला नाही येणार? डॉक्टरांनी जणू मी कालच गेले होते अशा थाटात भरलेली सिरिंज माझ्या हातात दिली. "त्या मेहरूणच्या मावशींना दे गं. खोळंबल्यात."

मावशी आधीच बाही वर करून बसल्या होत्या. पाच मिनिटांचं काम. मी स्टुलावर टेकले असते, टोचलं असतं, की पुढचा नंबर, की पुढचा.

"मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

सगळा दवाखाना हसला. "अगं, मला ओळखत नाहीस? धुळ्याला जाऊन डोळे बिघडले का?"

"ओळखते. तरी सांगा. मधल्या नावासकट."

मावशींनी पदर तोंडाला लावला. बाकावरच्या बायका आणखी हसल्या. डॉक्टर चिडले. "अगं, टोच ना! सगळे थांबलेत."

"मी अजून शिकते आहे," मी म्हटलं. "तिथे मॅडम असल्याशिवाय मला परवानगी नाही. इथे तर नाहीच." आणि सिरिंज त्यांच्या टेबलावर ठेवली. "स्टूल दुसऱ्या कुणाला द्या सर. तुम्ही दिवाळीपर्यंत ठेवलंत, पण मी येत नाही."

"मी कुठे ठेवलं?" डॉक्टर म्हणाले. "तुझी आईच आली होती, तू सांगायच्या आदल्या दिवशी. म्हणाली, पोरगी जाते म्हणते, दिवाळीपर्यंत जागा ठेवा, ती टिकायची नाही. मला काय, मी हो म्हटलं."

मी आईकडे पाहिलं. आई बाकावर बसून चपलेकडे बघत होती.

रिक्षात बसलो तेव्हा मी रागाने फुटायच्या बेतात होते. इतके महिने मी डॉक्टरांवर, मॅडमवर, वर्गातल्या पोरींवर, सगळ्या जगावर संशय घेतला. जिच्यावर घ्यायला हवा होता, तिच्या हातची भाकरी बांधून नेली. "तू माझी जागा राखून ठेवलीस? मी नापास होणार म्हणून?"

"नापास होशीन म्हनून नाही," आई म्हणाली. "तू गेली तं घरात मी एकटी. संध्याकाळ झाली की दोघीच्या भाकरी थापून बसते. तुले कसं सांगाचं?"

रिक्षा खड्ड्यांतून चालली होती. मग तिने विचारलं, "त्या बाईले काऊन छळलं तू? नाव नाही घेत बायका."

मी तिला त्या दोन जावांची गोष्ट सांगितली. खाटा कशा बदलल्या, मोठीने दिराच्या नावाला हो कसं म्हटलं, औषध सुईत भरून कसं तयार होतं. आईने सगळं ऐकलं.

"मले कुठी भरती केलं," ती शेवटी म्हणाली, "तं मलेबी असंच इचारतीन?"

"विचारायला हवं."

"अन् तू तठी नसशीन. धुळ्याले राहशीन."

"हो."

"मंग कोन सांगीन?"

"तूच."

तिने तोंड बाहेर वळवलं. पदराचं टोक ओठांवर धरलं. मला वाटलं, रडते आहे. मग रिक्षाच्या आवाजात, जेमतेम ऐकू येईल असं, तिने आपलं नाव घेतलं, मग माझ्या वडिलांचं नाव घेतलं, मग आडनाव. ते नाव मी तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मला नीट ऐकू आलं होतं.

तरी मी म्हटलं, "परत."

आईने पदर खाली घेतला आणि इतक्या मोठ्याने सांगितलं, की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.